यीस्टच्या पोटातली लस

आजच्या विषयात 'यीस्ट' आणि 'कावीळ-ब ची लस' हे शब्द पाहून दोघातिघांनी आल्याआल्याच विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध असा आहे. जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यातून नकळत असं वाटायला लागतं की पाककृती एकदा हातात आली की पदार्थ कुठल्याही स्वयंपाकघरात शिजेल. १९७० च्या दशकात, जनुकं कापण्या-जोडण्याचं तंत्र नवं होतं तेव्हा, मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही साधारण तसंच वाटत होतं. जीवाणूत जे खरं ते हत्तीतही खरं, अशा अर्थाचं जाक मोनो यांचं म्हणणं त्या काळी फार लाडकं होतं. हे म्हणणं कुठे अडतं, ते एका लशीने दाखवून दिलं. आणि ती लस तयार केली पाव फुगवणाऱ्या यीस्टने. पाककृतीइतकीच चूलही महत्त्वाची असते, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण ते इतिहासातून सांगायचं आहे.

आधी रोग समजून घेऊ. आपल्याकडे 'कावीळ' या एका शब्दात चारपाच वेगळे आजार बसवलेले आहेत. पावसाळ्यात घाण पाण्यातून येते ती कावीळ वेगळी, ती बहुतेक वेळा येते आणि जाते. कावीळ-ब रक्तातून पसरते. न उकळलेली सुई, न तपासलेलं रक्त, शरीरसंबंध, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण बरे होतात. जन्मताना लागण झालेल्या बाळांचं मात्र उलट: शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात तो विषाणू मुक्कामच ठोकतो. मूल दिसायला धडधाकट असतं. तीसचाळीस वर्षांनी यकृत निबर होतं, किंवा कर्करोग होतो. म्हणजे मरण पाळण्यात ठरतं आणि येतं ऐन कर्त्या वयात. भारतात असा विषाणू बाळगून असलेल्यांची संख्या सुमारे चार कोटी, असा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो.

या विषाणूचा पत्ता लागला तो अगदी आडवाटेने. बारूक ब्लंबर्ग हे अमेरिकन संशोधक १९६० च्या दशकात निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातले फरक तपासत होते. ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं अशा रुग्णांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती वापरून ते इतरांचं रक्त पडताळून पाहत. एका रुग्णाच्या रक्ताची प्रतिक्रिया ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी झाली. त्या अनोळखी पदार्थाला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं नाव दिलं. हे कावीळ-ब च्या विषाणूचं बाह्य कवच आहे, हे नंतर उलगडलं. १९७६ मध्ये ब्लंबर्ग यांना नोबेल मिळालं.

आता इथे एक विचित्र गोष्ट होती. हा विषाणू बाधित माणसाच्या रक्तात पूर्ण रूपात फिरतोच, पण त्याच्या कितीतरी पट जास्त संख्येने नुसती रिकामी कवचं फिरत असतात. बावीस नॅनोमीटर व्यासाचे गोळे. मिलीमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले बावीस. आत काही नाही, त्यामुळे रोग होत नाही; पण शरीराच्या रक्षकांना शत्रूची ओळख पटवायला ते पुरेसे. म्हणजे लशीचा माल निसर्गाने आयता तयार ठेवलेला! अडचण एवढीच, की हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवता येईना. पोलिओचा वाढतो, गोवरचा वाढतो, याचा नाही. मग हा माल मिळणार कुठे? बाधित माणसाच्या रक्तात. दुसरीकडे कुठेही नाही.

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर 'विलोब्रूक' नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. तिथे दाटीवाटी आणि अस्वच्छता इतकी, की कावीळ कायमचीच वस्तीला. सॉल क्रुगमन या बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे संशोधन केलं, आणि त्यात काही मुलांना मुद्दाम काविळीची लागण करण्यात आली. पालकांची संमती घेतली होती. शिवाय इथे राहून या मुलांना कावीळ होणारच आहे, मग देखरेखीखाली झालेली काय वाईट, असा युक्तिवाद होता. या कामातून काविळीचे दोन वेगळे प्रकार स्पष्ट झाले. पुढे त्यांनी बाधित रक्ताचा द्रव उकळून टोचला आणि त्याने काही प्रमाणात संरक्षण मिळतं हेही दाखवलं. ज्ञान खरं होतं, उपयोगी होतं. पण जिथे मुलं ठेवायला दुसरी जागाच नाही अशा पालकांची संमती ही संमती असते का? वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण आजही घेतात आणि घ्यायलाच हवं. माझं मत विचाराल तर 'होणारच आहे' हा युक्तिवाद मला मान्य नाही. जी दुरवस्था दूर करायची, तिचाच भांडवल म्हणून वापर होतो तिथे.

पुढचा टप्पा मॉरिस हिलमन यांचा. मर्क कंपनीतले हे गृहस्थ. विसाव्या शतकात त्यांच्याइतक्या लशी क्वचितच कोणी तयार केल्या असतील. त्यांनी बाधित दात्यांचं रक्त घेऊन त्यातली कवचं वेगळी काढली, आणि चुकूनही काही जिवंत राहू नये म्हणून पेप्सिन, युरिया आणि फॉर्मलीन अशा तीन प्रक्रियांमधून ती काढली. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ श्मुनेस या पोलंडहून आलेल्या साथरोगतज्ज्ञांनी एक हजारांहून अधिक समलिंगी पुरुषांवर तिची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९८० मध्ये आले, आणि ते निःसंशय चांगले होते. १९८१ मध्ये अमेरिकेत लशीला परवाना मिळाला.

आणि त्याच वर्षी, १९८१ च्या जूनमध्ये, अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. ज्या समूहातून लशीसाठी रक्त येत होतं त्याच समूहात हा नवा रोग. कारण अजून कोणालाच माहीत नाही. विचार करा, डॉक्टर आणि नर्स यांना काय वाटलं असेल! हिलमन यांच्या तीन प्रक्रियांमध्ये एड्सचा विषाणूही नष्ट होतो हे नंतर सिद्ध झालं. त्या लशीतून कोणाला एड्स झाला नाही. पण भीतीला नंतरचा पुरावा पुरत नाही. लस असूनही लोक घेईनात. शिवाय तीन डोस मिळून सुमारे १०० डॉलर किंमत. आणि मूळ पेच तसाच: रोग टाळायचा तर रोग्यांचा पुरवठा चालू राहायला हवा.

तर मग माणसाचं रक्त सोडून दुसरीकडे ही कवचं बनवायची कशी? तंत्र तर होतं. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालून इन्सुलिन तयार झालं होतं. १९७९ च्या सुमारास कावीळ-ब च्या विषाणूची जनुकं सॅन फ्रान्सिस्को, पॅरिस आणि एडिंबरा इथल्या गटांनी वेगळी केली. पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक हाती आलं. २२६ अमिनो आम्लांची साखळी, अक्षरन् अक्षर माहीत. पाककृती मिळाली! साहजिकच ती जीवाणूला देण्यात आली.

आणि पदार्थ काही होईना. जे तयार झालं ते अत्यल्प, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचे गोळे बनत नव्हते. सुटी साखळी टोचली तर शरीर तिची फारशी दखल घेत नाही. शंभरेक साखळ्या स्निग्ध पदार्थात नीट रोवून गोळा झाला की त्याच प्रथिनाचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे अक्षरं तीच, पण अर्थ नाही.

इथे मला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. वस्त्राचं कारण काय, असा प्रश्न विचारून नैयायिक तीन कारणं सांगतात. धागे हे समवायी कारण. धाग्यांचा परस्परांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, त्याचा माग, ही निमित्त कारणं. वर्गात मुलं नेहमी विचारायची, की सर, हे मधलं असमवायी कशाला? धागे आहेत, विणकर आहे, झालं की! पण धाग्यांचा ढीग म्हणजे वस्त्र नव्हे, हे नैयायिकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना प्रथिनं माहीत होती असा दावा मी करणार नाही; असले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एवढंच म्हणतो, की जीवाणूने धागे दिले आणि संयोग दिला नाही. तो संयोग घडायला ज्या प्रकारचा माग लागतो, तो जीवाणूजवळ नव्हताच.

माग म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या पेशीत केंद्रक असतं, आणि त्याच्याबाहेर पापुद्र्यांचं एक जाळं असतं. बाहेर पाठवायची किंवा पापुद्र्यात बसवायची प्रथिनं या जाळ्यात घडी घालून, तपासून, पुढे जातात. जीवाणूत ही व्यवस्था नाही. त्याची पेशी म्हणजे एक खोली; आपली म्हणजे ओसरी, माजघर, कोठीघर असलेला वाडा. आता वाडा हवा, पण तो जीवाणूसारखा स्वस्तात, साखरेच्या पाण्यावर वाढणारा हवा. असा जीव कोणता? हजारो वर्षं माणसाच्या घरात राहणारा: यीस्ट. गोव्यात पोदेर पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर वापरत, सन्नांतही ती घालत. तिच्यातलं मुख्य काम यीस्टचंच. इतका लहान जीव, पण त्याची पेशी आपल्या जातीची. केंद्रक आहे, पापुद्र्यांचं जाळं आहे.

पण निवड करणं वेगळं आणि त्या पेशीत परकं जनुक घालून ते चालवणं वेगळं. त्यासाठी यीस्टचं जनुकशास्त्र माहीत असावं लागतं. ते १९८० साली तयार होतं, हा योगायोग नव्हे; त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचं काम होतं, आणि ते करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात लस नव्हती. त्यांच्याकडे वळू.

यीस्ट जिवंत आहे की नाही, यावरच एकोणिसाव्या शतकात भांडण होतं. १८३७-३८ च्या सुमारास काही संशोधकांनी सूक्ष्मदर्शकात पाहून ते जिवंत आहे असं सांगितलं. लीबिग आणि व्होलर हे जर्मन रसायनशास्त्रातले दोन दिग्गज. त्यांनी १८३९ मध्ये निनावी चेष्टालेख छापला: यीस्ट म्हणजे छोटे प्राणी आहेत, ते साखर खातात आणि दारू विसर्जित करतात, असं सचित्र वर्णन. गंमत अशी, की चेष्टेत लिहिलेलं ते पुष्कळसं खरं निघालं. पुढे पाश्चरने आंबण्याची क्रिया जिवंत यीस्टशी जोडली. आणि १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट चिरडून, नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली. 'एन्झाइम' या शब्दाचा ग्रीक अर्थच 'यीस्टमधलं' असा आहे.

दुसरा धागा कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यातला. त्यांची बिअर मधूनमधून बिघडत असे. एमिल ख्रिश्चन हान्सन याने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. बिघाड रानटी यीस्टच्या भेसळीमुळे होतो हे त्याने दाखवलं. कारखान्याचे मालक जेकबसन यांनी ते यीस्ट स्वतःपाशी दडवून ठेवलं नाही, इतर कारखान्यांनाही देऊ केलं. आजच्या पेटंटच्या काळात हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये ओयविन विंगे यांनी यीस्टचं जीवनचक्र उलगडलं: यीस्टमध्ये गुणसूत्रांचा एकेरी आणि दुहेरी असे दोन्ही टप्पे असतात, आणि एका पिशवीत चार बीजाणू बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने ते चार बीजाणू एकेक वेगळे करायचे, वाढवायचे आणि आईबापांचे गुण कसे वाटले गेले ते मोजायचं. मेंडेलने वाटाण्यावर केलं ते यीस्टवर करता येऊ लागलं. अमेरिकेत कार्ल लिंडग्रेन यांनी १९४० च्या दशकात यीस्टच्या दोन 'जाती' शोधल्या. नर-मादी नव्हेत, 'ए' आणि 'अल्फा'. ए ची गाठ अल्फाशीच पडते. ही अल्फा लक्षात ठेवा.

जगभरच्या प्रयोगशाळांत जे प्रमाण यीस्ट वापरतात, त्याचा मूळपुरुष १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावच्या एका कुजक्या अंजिरावर मिळाला. १९९६ मध्ये ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, केंद्रक असलेल्या सजीवांपैकी पहिलाच, तो याच अंजिराच्या वंशातला. सुमारे सहा हजार जनुकं. वंशावळी सांगायची हौस आपल्याला फार. पण इतकी चोख वंशावळ कोणत्याही राजघराण्याकडे नसेल!

आता १९७८. अमेरिकेत हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जीन बेग्ज यांनी यीस्टमध्ये बाहेरचा डीएनए घालून तो टिकवला. यीस्टची भिंत जाड असते. ती एन्झाइमने विरघळवायची, रसायनांच्या साहाय्याने डीएनए आत ढकलायचा, आणि मग पेशीला पुन्हा भिंत उभारू द्यायची. कोणत्या पेशीत डीएनए शिरला हे ओळखायची युक्ती सुरेख आहे. ल्यूसीन हे अमिनो आम्ल ज्याला स्वतः बनवता येत नाही असं पंगू यीस्ट घ्यायचं, आणि नव्या डीएनएबरोबर ल्यूसीन बनवणारं जनुक जोडायचं. ल्यूसीन नसलेल्या खाद्यावर जो जगला, त्याच्यात डीएनए शिरला. पंगू यीस्ट तयार होतंच, जुन्या जनुकशास्त्रज्ञांनी केवळ कुतूहलापोटी अशा पंगूंचे संग्रह करून ठेवले होते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बेंजामिन हॉल यीस्टची जनुकं केव्हा चालू-बंद होतात ते अभ्यासत होते. साखरेपासून दारू बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर जे एन्झाइम काम करतं, त्याचं जनुक यीस्टमध्ये जोरात चालतं. त्या जनुकाच्या आधीचा जो डीएनएचा तुकडा 'चालू हो' असा हुकूम देतो, तो गुस्ताव्ह अम्मरर आणि हॉल यांनी परक्या जनुकापुढे जोडला. १९८१ मध्ये जेनेन्टेक कंपनीच्या रोनाल्ड हिट्झमन यांच्याबरोबर माणसाचं इंटरफेरॉन यीस्टमध्ये बनवून दाखवलं. आणि १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम रटर यांच्या गटातले पाब्लो व्हालेन्झुएला, चिलीहून आलेले, यांनी हॉल आणि अम्मरर यांच्यासह कावीळ-ब च्या कवचाचं जनुक त्याच हुकुमाखाली यीस्टमध्ये ठेवलं. पेशी फोडून आतला रस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोळे होते. रुग्णाच्या रक्तात दिसतात तसेच, जवळपास त्याच आकाराचे. विषाणू नाही, रोगी नाही, रक्त नाही. आणि कवच तयार.

मर्कने ते उचललं. मोठ्या पिंपांत यीस्ट वाढवायचं, पेशी फोडायच्या, गोळे शुद्ध करायचे. २३ जुलै १९८६ रोजी अमेरिकेत परवाना मिळाला. जनुकतंत्राने बनवलेली ही माणसासाठीची पहिली लस. एक चिठ्ठी आली आहे, की ही लस शाकाहारी आहे का. यीस्ट ही बुरशी आहे, तेव्हा अळंबी चालत असेल तर हरकत नसावी!

पण यीस्टची भलावण अती व्हायला नको. चूल आपल्यासारखी आहे, आपलीच नव्हे. या गोळ्यांना यीस्ट आपणहून बाहेर पाठवत नाही, म्हणून तर पेशी फोडावी लागते. दुसरं म्हणजे, आपली बरीच प्रथिनं साखरेच्या विशिष्ट शेपट्या लावल्याशिवाय नीट काम करत नाहीत. यीस्टही शेपट्या लावतं, पण मॅनोज साखरेच्या लांबच लांब, आपल्या शरीराला परक्या वाटणाऱ्या. म्हणून आज कर्करोगावरची प्रतिपिंडं बहुतेक चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत बनतात, यीस्टमध्ये नाही. प्रत्येक प्रथिनाला आपली चूल शोधावी लागते.

बाहेर पाठवण्याचा प्रश्न मात्र यीस्टच्या प्रेमप्रकरणाने सोडवला. मघाची अल्फा आठवते? अल्फा यीस्ट ए ला बोलावण्यासाठी एक छोटं प्रथिन बाहेर सोडतं. त्याला सुरुवातीला एक शेंडा जोडलेला असतो. 'मला बाहेर न्या' असा पत्ता लिहिलेलं पाकीटच ते. १९८२ मध्ये जेनेट कुर्जान आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी त्याचं जनुक शोधलं, आणि लवकरच लोकांच्या लक्षात आलं की पाकिटातली चिठ्ठी काढून आपलं प्रथिन घातलं, तरी यीस्ट ते बाहेर नेऊन देतं. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने याच वाटेने यीस्टकडून इन्सुलिन काढलं. पूर्वी डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, ते आता पिंपातल्या पाण्यात उतरू लागलं. ही बाहेर नेण्याची यंत्रणा कशी चालते, ते रँडी शेकमन यांनी यीस्टमधलीच बिघडलेली वाणं शोधून उलगडलं होतं. त्याचं नोबेल त्यांना २०१३ मध्ये मिळालं.

आता लस झाली, पण बाळापर्यंत पोचली का? यीस्ट साखरेवर वाढतं म्हणून लस स्वस्त झाली असेल, असं आपण धरून चालतो. तसं घडलं नाही. १९८० च्या दशकात स्वस्त मिळाली ती रक्तातलीच लस: न्यूयॉर्कचे आल्फ्रेड प्रिन्स यांनी सोपी पद्धत बसवली आणि कोरियातल्या कंपनीने एका डॉलरच्या आसपास डोस देऊ केला. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली तीही रक्तातल्या लशीनेच. तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं: लाखात ०.७० वरून ०.३६ वर. यीस्टची लस मात्र पेटंटांच्या कुंपणात होती. मालाची किंमत साखरेवर ठरत नव्हती.

आपल्याकडे १९९० च्या दशकात आयात लशीच्या एका डोसला काहीशे रुपये पडत. तीन डोस, घरात दोन मुलं, हिशेब करा. हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, यांनी १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स सुरू केली. असलं तंत्र भारताला पेलायचं नाही असं परदेशात ऐकवलं गेलं, असं ते सांगत असत. ओमानचे परराष्ट्रमंत्री युसुफ बिन अलावी यांनी भांडवल दिलं, उस्मानिया विद्यापीठ आणि सीसीएमबी या हैदराबादच्या संस्थांत सुरुवातीचं काम झालं. ऑगस्ट १९९७ मध्ये 'शानव्हॅक-बी' बाजारात आली. किंमत पन्नास रुपयांच्या आसपास.

इथे पुन्हा चुलीचाच प्रश्न. जनुकाची अक्षरं एव्हाना छापून जगजाहीर झाली होती. पाककृती कोणापासून लपलेली नव्हती. हैदराबादकरांनी पावाचं यीस्ट घेतलं नाही, 'पिकिया पास्टोरिस' घेतलं. त्याचा पूर्वेतिहास लशीचा नव्हेच, गुरांच्या खाद्याचा. फिलिप्स पेट्रोलियम या अमेरिकन तेल कंपनीला नैसर्गिक वायूपासून स्वस्तात मिथेनॉल मिळत होतं. त्यावर हे यीस्ट प्रचंड दाट वाढवून पशुखाद्य करायचं, असा १९७० च्या दशकातला बेत. १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले आणि बेत फसला. पण मिथेनॉल दिसताच पिकियातलं एक जनुक जबरदस्त जोमाने चालू होतं. मिथेनॉल नसेल तर बंद. परक्या प्रथिनासाठी याहून चांगला हुकूम कुठला? आधी पेशी भरपूर वाढवायच्या, मग मिथेनॉल सोडायचं. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जर्मनीच्या ऱ्हाइन बायोटेककडून 'हान्सेन्यूला पॉलिमॉर्फा' हे मिथेनॉलवरच वाढणारं दुसरं यीस्ट घेऊन 'जीनव्हॅक-बी' काढली. आपला १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या कृतीवर पेटंट देई, औषधावर नव्हे. वेगळ्या रीतीने करणाऱ्याला त्यामुळे वाट मोकळी होती.

सरकारी कार्यक्रमात ही लस २००२ च्या सुमारास निवडक ठिकाणी आली आणि देशभर पसरायला जवळपास दहा वर्षं लागली. आज जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस द्यायचा असतो. हे 'चोवीस तास' महत्त्वाचं, कारण आईकडून येणारा विषाणू बाळंतपणातच येतो. दवाखान्यात जन्म झाला तर सहज जमतं. घरी, पाड्यावर, अपरात्री जन्म झाला तर लस थंड ठेवणारी पेटी घेऊन कोणीतरी त्या दिवशी तिथे पोचावं लागतं. हे काम यीस्ट करत नाही; नर्सबाई आणि आशाताई करतात. तुमच्या ओळखीत कोणाकडे बाळ होणार असेल तर हा पहिला डोस दिला का, एवढं जरूर विचारा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची २००६ ची लस, आणि करोनाकाळात हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ने काढलेली 'कॉर्बेव्हॅक्स', दोन्ही यीस्टमधल्याच. त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी बोलू. चिठ्ठ्या बऱ्याच जमल्या आहेत, त्या आता घेतो.